बाबांचा १६ चॅनलचा जुना साउंड मिक्सर दुरुस्त करावा की नवीन घ्यावा?

कोकणकर_भांडुप

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार.

आमच्याकडे बाबांचा १६ चॅनलचा ॲनालॉग मिक्सर आहे, परदेशी बनावटीचा, त्यांनी १९९८ ला सेकंडहँड घेतलेला. बाबा तेव्हा कंपनीतली पाळी संपवून रात्री जाखडी आणि नमन ह्या कोकणातल्या लोककलांच्या कार्यक्रमांना साउंड करायचे. परळच्या दामोदर हॉलला कितीतरी बाऱ्या (शाहिरांच्या सवाल-जवाबाचे कार्यक्रम) ह्या मिक्सरवर झाल्यात. भांडुपवरून लोकलच्या लगेज डब्यात टाकून न्यायचे आणि दुसऱ्या बाजूचं हँडल धरायला मी असायचो, शाळेत होतो तेव्हा. फेडरच्या (आवाज वर-खाली करायच्या सरकत्या नॉबच्या) खाली पांढरी चिकटपट्टी आहे तिच्यावर अजून बॉलपेनने बाबांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, शाहीर, कोरस १, कोरस २, ढोलकी, टाळ, बेंजो, घुंगरू.

२०१४ नंतर बाबांनी साउंड बंद केलं, तेव्हापासून मिक्सर गोधडीत गुंडाळून माळ्यावर. आता आमच्या वाडीतल्या पोरांनी परत मंडळ उभं केलंय, श्रावणात दोन बाऱ्या ठरल्यात, म्हणून मिक्सर खाली काढला. चालू केल्यावर लाईट सगळे लागले, पण स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज, गाणं चालू नसताना फारच जाणवतो. डाव्या बाजूचा आवाज उजव्यापेक्षा अर्ध्याने कमी. १, २, ५, ६ आणि ८ नंबरचे फेडर हलवले की खरखर होते, मधेच आवाज जातो आणि येतो. ३ आणि ११ नंबरचे चॅनल तर बंदच आहेत.

एका रिपेअरवाल्याकडे नेला, त्याने उघडलासुद्धा नाही, वरूनच दोन फेडर हलवून बघितले आणि म्हणाला सगळे फेडर बदलावे लागतील, १४ हजार होतील आणि गॅरंटी नाही. दुसरा म्हणाला भंगारात घाला, नवीन १२ चॅनलचा २५ हजारापर्यंत येतो. बाबा काही बोलत नाहीत, पण खाली काढल्यापासून रोज संध्याकाळी फडकं घेऊन पुसत बसतात.

पैसे पोरांच्या वर्गणीचे आहेत, १५ हजार जमलेत. आम्हाला जास्तीत जास्त १० चॅनल लागतात. मला बाबांचा मिक्सर वाजलेला बघायचाय हे खरंय, पण माझ्या मायेपोटी पोरांचे पैसे घालवायचे नाहीत. ज्यांनी असे जुने मिक्सर उघडलेत त्यांनी सांगा, ठरवायचं कशावरून?

लालबागचा_साउंडवाला

दादा, मी २० वर्षं हेच काम करतोय, मंडप, हॉल, मैदान सगळीकडे. स्पष्ट सांगतो, भाड्याने घ्या. वर्षाला चार-पाच कार्यक्रम असतील तर मिक्सर विकतही घेऊ नका आणि दुरुस्तही करू नका. बारी रंगात आलेली असताना, समोरच्या शाहिराने सवाल टाकलाय आणि तुमचा शाहीर जवाबाला उभा राहिलाय आणि नेमका त्याचाच माईक गेला तर पब्लिक थांबत नाही, आणि पोरांनी दोन महिने केलेली तालीम एका मिनिटात वाया जाते. जुन्या मिक्सरचं हेच वाईट, घरात चालतो आणि कार्यक्रमात दगा देतो, कारण प्रवासात हादरे बसतात, हॉलमध्ये एसीची थंड हवा, बाहेर दमट.

सुईचा_मीटर

लालबागच्या दादांचा मुद्दा खोटा नाहीये. पण कोकणकर, आधी हे बघा की तुम्हाला १४ हजाराचा आकडा ज्याने दिला त्याने झाकण उघडलेलं नाही, म्हणजे तो आकडा दुरुस्तीचा नाहीच, तो त्याचा अंदाज आहे, आणि अंदाज नेहमी सगळ्यात वाईट धरून देतात. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत त्यातली निम्मी तरी धूळ आणि गंज ह्याची आहेत. पैसे खर्च करायच्या आधी फुकटात बऱ्याच गोष्टी कळतात, त्या करा, मग ठरवा.

सगळ्यात आधी एक, मिक्सर दहा वर्षं बंद होता आणि तुम्ही थेट मेनला लावलात, झालं ते झालं, पण इतकी वर्षं पडून राहिलेले कंडेन्सर (वीज साठवणारे पार्ट) कमजोर होतात आणि एकदम पूर्ण करंट मिळाला की फुगतात. आता परत चालू करताना सिरीज बोर्डवर करा, म्हणजे करंट ६० वॅटच्या पिवळ्या बल्बमधून जाऊन मिक्सरला मिळेल असा. बल्ब क्षणभर लागून मंद झाला तर ठीक, फुल लागून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

आता ती घूं. ॲम्प्लिफायरच्या वायरी मिक्सरमधून पूर्ण काढून टाका आणि फक्त हेडफोन लावून ऐका. घूं गेली तर मिक्सर निर्दोष आहे, ते अर्थिंगचं लफडं आहे, दोन वेगवेगळ्या बोर्डवरून सप्लाय घेतला की होतं. हेडफोनमध्ये पण असेल तर सगळे फेडर आणि मास्टर खाली घ्या, हेडफोनचं सिलेक्टर बटण मास्टरवर ठेवून. तरीही तेवढीच राहिली तर दोष पॉवर सप्लायचा. आपली लाईन ५० हर्ट्झची, ब्रिजमधून (डायोडच्या सर्किटमधून) डीसी झाल्यावर जी गुणगुण उरते ती १०० हर्ट्झची, आणि ती गिळायचं काम मोठ्या कंडेन्सरचं असतं. ते सुकले की गुणगुण पुढे जाते. मोबाईलमध्ये आवाजाचा आलेख दाखवणारं फुकट ॲप मिळतं, काटा १०० ला उंच दिसला तर बहुतेक कंडेन्सरच. ही दुरुस्ती स्वस्तातली आहे. आणि मंडपात काही लोक घूं घालवायला वायरची अर्थिंगची पिन कापतात, ते कधीही करू नका, माईकची जाळी ओठाला लागते शाहिराच्या, जीवाशी खेळ आहे.

डावी बाजू कमी. मागे मेन आउटच्या शेजारी इन्सर्ट लिहिलेले जॅक असतील, बाहेरचं मशीन मध्ये जोडायचे. त्या जॅकच्या आत एक पत्री असते, पिन घातलेली नसताना आवाज त्या पत्रीवरून पुढे जातो. वापर नसला की मुंबईच्या खाऱ्या हवेने पत्री काळी पडते आणि आवाज अर्धा होतो किंवा जातोच. मिक्सर बंद ठेवून त्या जॅकमध्ये पी-३८ (पाव इंची जाड) पिन वीस-पंचवीस वेळा आतबाहेर करा. खूप वेळा एवढ्यानेच काम होतं. सगळ्या चॅनलच्या इन्सर्टला करा, बंद चॅनलना पण.

३ आणि ११ साठी पीएफएल बटण (फेडरच्या आधीचा आवाज ऐकवणारं) दाबून हेडफोनमध्ये ऐका. तिथे आवाज आला म्हणजे माईकपासून फेडरपर्यंतचं सर्किट जिवंत आहे, दोष फेडरमध्ये नाहीतर म्यूटच्या बटणात. पीएफएललाही मुकं असेल आणि इन्सर्ट साफ करूनही काही फरक नसेल तर आयसी (चिप) किंवा आधीचं काहीतरी, त्याला वेळ लागतो.

आणि फेडर. धूळ बसलेला फेडर आणि झिजलेला फेडर कानाला एकसारखेच वाजतात, म्हणूनच लोक सरसकट बदलायला सांगतात. फरक कळायला सुईचा मीटर घ्या, डिजिटल नको. मिक्सर बंद, फेडरच्या एका टोकाला आणि मधल्या सरकत्या टोकाला मीटर लावून रेझिस्टन्सवर ठेवा आणि नॉब अगदी सावकाश वर न्या. सुई पाण्यावर होडी चालल्यासारखी सरळ चढली तर कार्बनची पट्टी शाबूत. एका ठरावीक जागी प्रत्येक वेळी सुई दचकून उडाली तर तिथली पट्टी घासून गेलीय, साफ करून फायदा नाही. सुई कुठेही, दर वेळी वेगळ्या जागी थरथरली तर धूळ. मी माझ्या एका मिक्सरला १२ फेडर असे तपासले, त्यातले ९ नुसते साफ करून चालले.

साफ करताना आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग फेडरचा म्हणून मिळतो तो कॉन्टॅक्ट क्लीनर दोन थेंब. गंज सोडवायचा नेहमीचा स्प्रे मारू नका, त्याचं तेल मागे राहतं आणि महिन्याभरात दुप्पट धूळ धरतं. थिनर, पेट्रोल तर लांबच ठेवा, प्लास्टिक खातं.

शेवटचं आणि माझ्या मते ठरवायला सगळ्यात महत्त्वाचं, तळाचं झाकण उघडून बघा की प्रत्येक चॅनलचं कार्ड वेगळं उभं आहे की सगळ्याची मिळून एक मोठी आडवी प्लेट आहे. उभी कार्डं असतील तर एक चॅनल खराब म्हणजे एक कार्ड काढायचं, अर्धा तास. एकच आडवी प्लेट असेल तर एका आयसीसाठी वरचे सगळे नॉब आणि मागच्या सगळ्या जॅकचे नट काढावे लागतात, मग लेबर वाढतं आणि तुमच्या बजेटमध्ये मी पण दुरुस्ती नको म्हणेन. उघडायच्या आधी वायर भिंतीतून काढा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मोठ्या कंडेन्सरला हात लावू नका.

आवाजघर_अंधेरी

मी डबिंगचं काम करते, छोटा स्टुडिओ आहे, आधी जुना ॲनालॉग होता, तीन वर्षांपूर्वी डिजिटलवर गेले, म्हणून दोन्ही बाजू बघितल्यात.

सुईचा मीटर दादांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त हिशोबाचं बोलते. मी स्वतःशी एक ठरवलं होतं की नव्याच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त खर्च जुन्यावर करायचा नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत ८ हजाराच्या वर जाऊ नका, आणि तो आकडा आत्ताच मंडळात बोलून ठेवा, कारण एकदा उघडलं की दोन हजार, अजून दोन हजार असं करत माणूस वाहवत जातो, मी गेलेय.

दुसरं, नवीन २५ हजाराचा १२ चॅनलचा घेतला म्हणजे जुन्यापेक्षा चांगलाच असेल असं धरू नका. बारा लिहिलेलं असतं पण त्यात माईकचे बहुतेक सहा किंवा आठच असतात, बाकी स्टीरिओ लाईन. तुम्हाला १० माईक लावायचे असतील तर तो पुरणार नाही. ह्या किमतीतल्या बऱ्याच मिक्सरमध्ये मोठा फेडर न मिळता ६० मिलिमीटरचा छोटा नाहीतर नुसता गोल नॉब मिळतो, आणि सगळे बारीक पार्ट मशीनने चिकटवलेले असतात, बिघडला की तो पण दुरुस्त करायला कुणी धजत नाही. डिजिटलचा खरा फायदा स्टेजवर आहे, शिट्टी मारणारी फ्रिक्वेन्सी पटकन कापता येते, पण ते टॅबलेटसकट तुमच्या १५ हजारात बसत नाही.

अजून एक तपासा, कंडेन्सर माईक वापरणार असाल तर फँटम, म्हणजे मिक्सर माईकला पुरवतो तो सप्लाय. माईकच्या सॉकेटमध्ये १ आणि २ नंबरच्या पिनवर डीसी मोजा, ४८ यायला पाहिजे, ४४ ते ५२ मध्ये असेल तरी चालतं.

ताई म्हणून एक सांगू का, बाबांना विचारा. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना माहीत नाही असं नाही. ज्या माणसाने पंधरा-सोळा वर्षं तो चालवलाय त्याला कुठलं चॅनल तेव्हापासून कुरकुरतंय हे नक्की माहीत असणार.

कोकणकर_भांडुप

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून त्याच रात्री विचारलं. बाबा म्हणाले ११ नंबर २००९ पासूनच बंद आहे, ठाण्याच्या एका कार्यक्रमात भर पावसात मंडप गळला होता तेव्हा गेला, तेव्हापासून त्यांनी त्याला हातच लावला नव्हता. म्हणजे मी जो बिघाड मोजत होतो त्यातला एक बिघाड धरायचाच नव्हता.

रविवारी बाबा आणि मी दोघांनी मिळून उघडला. सिरीज बल्ब लावून चालू केला, बल्ब लागून लगेच मंद झाला. हेडफोनमध्ये घूं होती, सगळं खाली घेऊनही तेवढीच, ॲपमध्ये काटा १०० ला. मेनच्या इन्सर्टमध्ये पिन पंचवीस वेळा आतबाहेर केली आणि डावी बाजू आली!! पूर्ण आली. मी तीनदा बंदचालू करून बघितलं, खरं वाटत नव्हतं. ३ नंबर पीएफएलवर ऐकू येतो, ११ मुका.

आत प्रत्येक चॅनलचं कार्ड वेगळं उभं आहे, वरून एक पट्टी केबल सगळ्यांना जोडत गेलीय. ११ च्या कार्डावर हिरवा गंज आहे, बाकी स्वच्छ. फेडरसाठी बाबांनी माझ्या मुलीचा रंगकामाचा ब्रश घेतला आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक फेडर तासभर साफ करत बसले. सुईच्या मीटरने बघितलं तर १, ५, ६, ८ चांगले निघाले. २ आणि ३ मध्ये एका जागी सुई उडते, दर वेळी तिथेच. ते दोन्ही कोरसचे, सगळ्यात जास्त वर-खाली केलेले.

आता पुढे काय घ्यायचं सांगा.

सुईचा_मीटर

बातमी चांगली आहे. उभी कार्डं आहेत म्हणजे माझा कौल दुरुस्तीला.

२ आणि ३ साठी फेडर विकत घ्यायला जाऊ नका. तशाच लांबीचा, तशाच पिनांचा, आवाजाच्या चढाचा १० के (१० हजार ओहम) मिळणं कठीण, आणि मिळाला तर बसेलच असं नाही. तुम्हाला १० चॅनल लागतात, १६ आहेत. १५ आणि १६ चे फेडर कोणी फारसे हलवलेले नसतात, ते काढून २ आणि ३ ला बसवा. ११ च्या कार्डावर पैसे घालू नका, उलट ते जपून ठेवा, त्याच्यावरचे नॉब आणि चांगल्या राहिलेल्या आयसी पुढे बाकीच्यांना लागतील.

घूंसाठी पॉवर सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर. जुन्यावर किती एमएफडी (मायक्रोफॅरड) आणि किती व्होल्ट लिहिलंय त्याचा फोटो काढा, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त चालेल, कमी अजिबात नाही, १०५ डिग्रीचेच मागा, आणि उंची मोजून न्या, नाहीतर झाकण लागणार नाही. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. बसवताना प्लस मायनस उलटं झालं तर फुटतो, म्हणून सोल्डरचा हात नसेल तर टीव्ही रिपेअरवाल्या एखाद्या जुन्या माणसाकडून करून घ्या. बदलून झाल्यावर पॉवर सप्लायच्या दोन्ही बाजूंचे व्होल्टेज मोजून घ्या, प्लस आणि मायनस सारखेच यायला पाहिजेत, साधारण १५ ते १८ च्या मध्ये, तुमच्या सर्किटप्रमाणे. आणि पट्टी केबलचे सगळे कनेक्टर एकदा काढून परत दाबून बसवा, हादऱ्याने आवाज जातो त्याचं अर्धं कारण तिथे असतं, लालबागच्या दादांना ज्याची भीती वाटते ते हेच.

लालबागचा_साउंडवाला

पीएफएलचं आणि इन्सर्टचं मला माहीत होतं पण फेडर बदली करायची आयडिया मस्त आहे. मी माझा शब्द थोडा मागे घेतो. तरी पहिल्या बारीला माझ्याकडून ८ चॅनलचा छोटा मिक्सर स्टँडबाय घेऊन जा, भाडं नको, फक्त आणून परत द्या. आणि आधी घरी सलग चार तास चालू ठेवून बघा, बारी तेवढी चालतेच.

कोकणकर_भांडुप

काम झालं. कंडेन्सर दोन आणि क्लीनर मिळून ११५० गेले, आमच्या नाक्यावर एक काका आहेत, आधी रेडिओ-टीव्ही करायचे, त्यांनी कंडेन्सर आणि दोन फेडर बसवायचे १२०० घेतले. एकूण २३५०. वर्गणीतले उरलेले पैसे दोन माईक आणि चांगल्या वायरी घ्यायला ठेवलेत.

घूं गेली. म्हणजे कान लावला तर बारीक सूंऽ ऐकू येतं, पण बाबा म्हणतात तेवढं नवीन असतानाही होतं. शनिवारी रात्री आठ ते बारा चालू ठेवला, तालीम त्याच्यावरच घेतली. पावणेअकराला ५ नंबर एकदा कुरकुरला, कार्डाचा कनेक्टर परत दाबल्यावर थांबला, त्याच्यावर लक्ष ठेवतोय. बाबा मागे खुर्ची टाकून बसले होते, गौळण चालू झाल्यावर उठले, काही न बोलता ढोलकी जराशी खाली घेतली आणि शाहिराचा गेन थोडा उघडला, आणि शब्द एकदम मोकळे ऐकू यायला लागले, मी तासभर तेच करायचा प्रयत्न करत होतो.

लालबागच्या दादा, तुमचा ८ चॅनलचा मी गुरुवारी घ्यायला येतो, करीरोडला उतरून फोन करू का? आणि सुईचा मीटर, ११ चं कार्ड काढून ठेवलं तर पट्टी केबलचा तिथला कनेक्टर नुसता मोकळा सोडला तर चालेल ना, की इन्सुलेशन टेप मारू?

सुईचा_मीटर

टेप मारा, आणि केबल कार्डाच्या धातूच्या पट्टीला घासणार नाही अशी बांधून घ्या. आतल्या बाजूला कागदावर तारीख आणि काय काय बदललं ते लिहून चिकटवा, पुढच्या वेळी जो उघडेल त्याला लागेल.